मागे फिरणारा मासा

देवपूरच्या आमच्या घरात दोन वास कायम असायचे, एक फोडणीचा आणि एक वॉर्निशचा. फोडणीचा वास जेवणं आटोपली की निघून जाई. वॉर्निशचा मात्र पांघरुणात, केसांत, माझ्या दप्तरात, अगदी बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, डब्यातही शिरून बसलेला असे. नाना, म्हणजे आमचे वडील, विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी तांब्याच्या तारेनं पुन्हा भरून, वॉर्निश चढवून द्यायचे. पांझरा नदीच्या पलीकडे, जुन्या धुळ्यात, त्यांचं दुकान होतं. उन्हाळा लागला की साक्री-शिरपूरकडून माणसं पोत्यात गुंडाळलेली मोटार एसटीच्या टपावर टाकून आणत आणि 'नाना, पीक वाळी राहिनं' असं म्हणत दुकानाच्या पायरीवरच बसून राहत. नाना मोटार उघडून नाकाशी धरत आणि नुसत्या वासावरून काय जळलंय ते सांगत. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील संध्याकाळी घरी येतात तेव्हा त्यांना असा वास येतो.

तार गुंडाळायचं निम्मं काम घरी चाले. देवापाशी दिवा लागला की नाना लाकडी फर्मा आणि तांब्याच्या तारेचं रीळ घेऊन ओट्यावर बसत. फर्म्यावर तार भरायची तर एक हँडल फिरवावं लागतं, आणि ते काम माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं. तारेचे वेढे मोजून घ्यावे लागतात. कमी पडले तर मोटार तापते, जास्त झाले तर खाचेत मावत नाहीत. अक्काला आकडे मोजायचा भारी कंटाळा. तिनं स्वतःची एक युक्ती काढली होती. ती गाणं म्हणायची. एका ओळीला हँडल किती वेळा फिरतं हे तिच्या हाताला पाठ झालेलं होतं, त्यामुळे अमुक गाणं शेवटपर्यंत म्हटलं की छोट्या मोटारीची कॉइल पुरी, तमुक गाणं म्हटलं की मोठीची. तिचा आवाज चांगला होता, म्हणजे शेजारपाजारच्या बायका पोळ्या लाटता लाटता लाटणं थांबवून ऐकायच्या इतका चांगला. गाणं संपलं की नाना कॉइल हातावर तोलून बघत आणि डोळे मिचकावून विचारत, "गानं पुरं म्हनं ना व? एखादं कडवं खाई नही ना गयी?" अक्का म्हणे, "मोजी ल्या." ते मोजत नसत.

गाणी सगळी आखाजीची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकी महाराष्ट्रात त्या दिवशी लोक सोनं घेतात म्हणे. आमच्या खानदेशात तो लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या मुलीला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणायचं, आणि ती आली की गल्लीत, मळ्यात, जिथे निंबाची बळकट फांदी असेल तिथे झोका बांधायचा. भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी, सगळी पुरुषमाणसं पत्ते कुटायला बसलेली असताना, साऱ्या गावभर झोक्यांच्या दोरांची करकर आणि बायकांची गाणी चालू. आमच्या अंगणातही निंब होता. अक्का झोक्यावर उभी राहायची, बसायची नाही. गुडघे वाकवून असा हिसका द्यायची की आई स्वयंपाकघरातून ओरडे, "पडशी व माय!" मी खाली उभी राहून तिच्या पायांकडे बघत राही, आणि आपली पाळी यावीशी वाटे पण तिनं उतरू नये असंही वाटे.

सणाची दुसरी बाजू पितरांची. सकाळी मातीची नवी घागर पाण्यानं भरून तिच्यावर डांगर ठेवायचं, म्हणजे खरबूज. खापरावरचे मांडे, आंब्याचा रस, कुरडया, भजी असा स्वयंपाक करायचा, आणि कुणाच्याही तोंडात घास जायच्या आधी घरच्या कर्त्या पुरुषानं चुलीतल्या निखाऱ्यांवर प्रत्येक पितराचं नाव घेऊन सगळ्या पदार्थांचा एकेक घास आणि तूप सोडायचं. याला आगारी टाकणं म्हणतात. नाना सोवळं वगैरे काही मानणारे नव्हते, पण आगारीला मात्र अंघोळ करून पाटावर बसत आणि आपल्या आजोबा-पणजोबांची नावं अशी घेत, जणू ते सगळे ओट्यावर हातपाय धूत आहेत.

ज्या थंडीत अक्काचं दोंडाईच्याला ठरलं, त्याच थंडीत नाना गेले. दुकानातच, मोटारीवर वाकलेले असताना, छातीत कळ येऊन. दोंडाईच्याचा मुलगा रेल्वेत होता. चहा देताना अक्कानं एकदा वर पाहिलं तेव्हा तो हसला, एवढीच त्यांची ओळख. पण ती गोष्ट अक्का मला रोज नव्यानं सांगायची आणि मी रोज नव्यानं ऐकायची. नानांचं सगळं आटोपल्यावर एके सकाळी अक्कानं वेणीचा घट्ट अंबाडा घातला, खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली आणि कुणालाही न विचारता निघाली. आई दारात आली. म्हणाली, "कथी चालनी?" अक्का म्हणाली, "लोकेस्न्या मोटारी पडेल शेतस." झालं. दोंडाईच्याची माणसं काही दिवस थांबली, निरोप पाठवत राहिली, मग त्यांनी दुसरीकडे पाहिलं. दोष तरी कुणाला द्यायचा?

त्या वर्षीची आखाजी मला अजून भिंगाखाली धरल्यासारखी दिसते, एकेक गोष्ट सुटी सुटी. आईनं मांडे केले होते, पण खापरावर टाकताना त्यातले दोन फाटले होते. घागर भरलेली, नानांची पहिलीच. आणि आगारी टाकायला पुरुष नाही. भाऊ आम्हाला नव्हता. शिंदखेड्याकडे नानांचे चुलतभाऊ होते, त्यांना आईनं आधीच निरोप पाठवला होता. पण अडचण अशी की त्या दिवशी प्रत्येक पुरुषाला स्वतःच्या चुलीपुढे बसायचं असतं. एरवी लग्नाला, अंत्यविधीला, भांडणालासुद्धा माणूस उसना मिळतो, आखाजीला मिळत नाही. ऊन माथ्यावर येऊ लागलं, रस आंबट होऊ लागला, निखारे विझत चालले. गल्लीतल्या घराघरांतून तुपाचा जळका वास यायला लागला. आई भिंतीला टेकून रडत होती, नाना उपाशी राहिले म्हणून.

अक्का दुकानातून आली तेव्हा तिच्या हातांना काळं लागलेलं होतं. तिनं एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा आईकडे. "कोन टाकी आते?" आईनं विचारलं. अक्कानं नळावर जाऊन हात कोपरापर्यंत घासले, ओल्या पदरानं पुसले, नानांचा पाट ओढला आणि बसली. आई म्हणाली, "पोरगी कधी आगारी टाकस का व?" तेव्हा अक्कानं जे उत्तर दिलं ते तिच्या आवाजात नव्हतं. जड, सपाट आवाजात ती म्हणाली, "नाव सांग. आजाना बापनं काय नाव व्हतं?" आईनं नावं सांगितली. अक्कानं एकेक घास निखाऱ्यांवर सोडला. शेवटचं नाव नानांचं. ते घेताना ती थांबली नाही, रडली नाही, तूप सोडलं आणि ज्वाळ वर आली.

जेवणं झाली. बाहेर झोका बांधलेला होता. शेजारच्या मुली बोलवायला आल्या, "अक्का, चाल ना." तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "तुम्ही खेळा, मी दुकानवर जाई येस." आखाजीला दुपारनंतर दुकान बंद असतं. ती बंद दुकानात जाऊन बसली असणार, दुसरं काय. त्या दिवसानंतर अक्का झोक्यावर चढली नाही. मला ते तेव्हा कळलं नाही, आता कळतं. झोका माहेराला आलेल्या मुलीचा असतो. जिच्या हातून आगारी पडली, तिला ते घर माहेर म्हणून उरत नाही, तीच ते घर होते. आणि संध्याकाळी ओट्यावर कॉइल भरताना अक्का आता आकडे मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि मला गाणं हवं असायचं. इतकं हवं असायचं की मी डोक्यावरून पांघरूण घेऊन ते मनात म्हणायची, पण मला त्याची सगळी कडवी येत नव्हती.

माझं कॉलेज अक्कानंच दुकानाच्या कमाईवर पूर्ण केलं. बी.एस्सी. झालं, मग झूलॉजीत एम.एस्सी. आमचे सर गमतीचे होते. समुद्रापासून इतक्या दूर बसून ते प्रवाळातल्या माशांवर तासन् तास बोलत, तेही फळ्यावर रंगीत खडूनं चित्रं काढत. एकदा त्यांनी नारिंगी खडूनं छोट्या छोट्या माशांची झुंड काढली आणि मधे जांभळ्या खडूनं एक मोठा मासा. म्हणाले, नारिंगी सगळ्या माद्या, जांभळा त्यांचा नर. आता हा नर काढून घेतला, किंवा कुणी खाल्ला, तर काय होईल? आणि डस्टरनं त्यांनी जांभळा मासा पुसला. मग झुंडीतली सगळ्यात मोठी मादी निवडून तिच्या नारिंगी रंगावर ते हळूहळू जांभळा खडू फिरवू लागले. मादीचा नर होतो, म्हणाले. पुरता नर. अंडाशय विरतं, त्या जागी वृषण तयार होतं. वर्गातली मुलं खिदळली. मी मात्र त्या चित्राकडे पाहत बसले.

मी तास संपल्यावर सरांना विचारलं, त्या मादीला कळतं कसं? सर खूश झाले. म्हणाले, डोळ्यांनी. रोज तिला तो मोठा मासा दिसत असतो, तिला दटावत असतो, तोवर तिच्या मेंदूत एक निरोप रोखून धरलेला असतो. तो दिसेनासा झाला की ती भोवती बघते. आपल्याहून मोठं कुणी आहे का? नाही. मग मेंदूच्या बुडाशी हायपोथॅलॅमस आहे तिथून त्याच्या खालच्या पियूषिका ग्रंथीला इशारा जातो, ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडते, स्त्रीत्वाची संप्रेरकं ओसरतात, पुरुषपणाची चढतात, आणि शरीर त्यांच्या मागून चालायला लागतं. पुढे माझ्या स्वतःच्या कामात मी या वाटेचा एकेक थांबा पाहिला, काचपट्टीवर, सूक्ष्मदर्शकाखाली. पण सरांनी त्या दिवशी सांगितलेली एक गोष्ट मला सगळ्यांत पुरली. ते म्हणाले, रंग आणि अवयव फार नंतर बदलतात. आधी वागणं बदलतं. नर गेला त्याच दिवशी ती त्याच्यासारखी पोहायला लागते.

त्या संध्याकाळी कळण्याच्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मी अक्काला हे सगळं सांगितलं. आई ताटापलीकडून म्हणाली, "हाई शिकाडतस का तठे?" अक्का हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग घास चावत चावत तिनं विचारलं, "आनि तो नर मांगे ऊना तर व?"

"कोण मागे आला तर?"

"जो गया, तो. नहीतर दुसरा मोठा. मंग ती परत मादी व्हस का? का तशीच ऱ्हास?"

मला माहीत नव्हतं. मी सरांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, एकदा बदललं की बदललं, उलट वाटेनं गेलेलं निदान माझ्या वाचनात नाही. मी घरी येऊन तसंच सांगितलं. अक्का तार भरत होती. तिनं हँडल थांबवलं नाही. "बरं," म्हणाली, आणि आकडे पुढे चालू ठेवले.

मग माझं लग्न झालं. धाकटीचं आधी, लोक बोलले, अक्कानं ऐकून घेतलं. सासर जळगावचं, पिंप्राळ्यातलं. नवऱ्यानं आणि सासूबाईंनी मला शिकू दिलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, कारण मी मांगूर माशांच्या मेंदूच्या बुडातली डाळीएवढी ग्रंथी काढून त्यावर काम करायची आणि घरी येताना अंगाला फॉर्मेलिनचा वास घेऊन यायची. सासूबाई म्हणत, "ही आली की वांग्याच्या भरताची चवच जाते." मी मनात म्हणे, वॉर्निशच्या वासात वाढलेल्या पोरीला तुम्ही काय सांगता.

आणि दर आखाजीला मला न्यायला मुराळी म्हणून अक्का यायची. पहिल्या वर्षी सासूबाई पार गोंधळून गेल्या. मुराळ्याला टॉवेल-टोपी देऊन मान करायचा असतो, आणि दारात उभी बाई. साडी द्यावी तर ती व्याह्यांकडची पाहुणी ठरते, मुराळी ठरत नाही. शेवटी त्यांनी ताटात साडीही ठेवली आणि टॉवेल-टोपीही. अक्कानं कुंकू लावून घेतलं, ताटातला टॉवेल उचलून खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "हाऊ दुकानवर कामले यी." साडी तिनं आईसाठी पिशवीत टाकली. टोपी आमच्या ह्यांच्या डोक्यावर ठेवली. सगळे हसले, मीही. रिक्षात बसल्यावर मी तिच्या खांद्यावरच्या त्या टॉवेलाकडे पाहिलं आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "काय व्हयनं?" मी म्हटलं, "धूळ गेली."

अशी कितीतरी वर्षं गेली. आई वाळत गेली, दुकान वाढलं, अक्काच्या हाताखाली दोन माणसं आली. शेतकरी आता तिला 'अक्का, पीक वाळी राहिनं' म्हणत पायरीवर बसत, आणि ती मोटार उघडून नाकाशी धरे. मग एकदा, मी कॉलेजात शिकवायला लागल्यावर, बाहेरून मागवलेल्या एका लेखात मला तो मासा भेटला. बोटाच्या पेराएवढा, समुद्रातल्या दगडांच्या कपारीत राहणारा. त्याची मादी नर होते, आणि त्याच नराला त्याच्याहून मोठ्या नरासोबत ठेवलं तर तो पुन्हा मादी होतो. दोन्ही प्रकारच्या अवयवांचं बीज तो जन्मभर पोटात सांभाळून असतो. पुन्हा अंडी घालतो. मी तो परिच्छेद वाचला आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर टेबलावर डोकं ठेवून बसले. काय झालं म्हणून विचारलं तर सांगू तरी काय, की मासा मागे फिरला?

त्या आखाजीला अक्का न्यायला आली तेव्हा एरंडोल गेलं तरी मी त्या लेखाचा विषय काढला नव्हता. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, अक्कानं खिडकीतून उसाचा रस घेतला, आणि मी म्हटलं, "अक्का, तू एकदा विचारलं होतंस. तो मासा मागे फिरतो."

तिला सांगावं लागलं नाही की कुठला मासा. इतक्या वर्षांनीही. ती रसाचा ग्लास धरून राहिली. गाडी सुटायला लागली तसा पोऱ्या ग्लास मागू लागला, तिनं तो न पिताच परत दिला.

"कशा फिरस?"

"त्याच्याहून मोठा कुणी येऊन त्याच्या शेजारी राहिला, तर. त्याला तो दिसला पाहिजे. मग डोक्यातला निरोप बदलतो."

अक्का बाहेर बघत होती. शेतं उजाड होती, बांधांवर बाभळी. मग ती म्हणाली, "घरमा मन्हापेक्षा मोठं आते कोन शे व, बेबी?" आणि ती हसली, मला वाईट वाटू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे नानांचा पाट मांडलेला होता, मांडे झाले होते, घागरीवर डांगर होतं. अक्का हात धुवायला नळावर गेली. मी उठले आणि त्या पाटावर बसले. काही ठरवलेलं नव्हतं. आई म्हणाली, "तू? तुनी आगारी तुना सासरनी चूलवर. लगीन करी दिधेल पोर आठे टाकस का?" मी म्हटलं, "आज टाकसू." तेवढ्यात अक्का ओले हात घेऊन दारात आली आणि मला पाटावर बघून थबकली. "ऊठ," ती म्हणाली, त्याच सपाट आवाजात. मी उठले नाही. मी तिला आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते. मी म्हटलं, "अक्का, बाहेर झोका बांधेल शे. तू जाय."

ती उभीच राहिली. मला वाटलं, आता ही मला दंड धरून उठवणार. पण आई उठली. नाना गेल्यापासून जी बाई कुणाच्या मधे पडली नव्हती, ती भिंतीला धरत उठली, अक्काच्या ओल्या मनगटाला तिनं धरलं आणि म्हणाली, "चाल. मी झोका देस तुले."

मी आगारी टाकली. नावं मला पाठ होती, इतकी वर्षं अक्काच्या तोंडून ऐकून. त्यामुळे पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं फक्त. आधी अक्काचं, "हाऊ दोर तुटी जाई." मग आईचं, "नही तुटत." मग फांदी करकरली, थांबली, पुन्हा करकरली. आईच्या बांगड्या वाजल्या. अक्का बसली होती, उभी नव्हती, आणि तिचा एक पाय जमिनीला लागत असणार, कारण प्रत्येक हेलकाव्याला मातीवर घासल्याचा आवाज येत होता. निखाऱ्यांवर नानांच्या नावाचं तूप सोडलं तेव्हा तो घासल्याचा आवाज बंद झाला. फांदी लांब लांब करकरू लागली. आणि मग गाणं. घोगरं, वॉर्निशनं आणि दुकानातल्या ओरड्यानं खरवडलेलं, पण गाणं. मोठ्या मोटारीचं. ती कडवी विसरत नव्हती, एकही नाही. मी चुलीपुढून हललेच नाही. बाहेर जाऊन बघावंसं फार वाटत होतं, पण भीती वाटली की तिनं मला पाहिलं तर ती थांबेल. गाणं पुरं झालं आणि माझ्या तोंडून, त्या धुरात एकटीच बसलेली असताना, निघून गेलं, "एखादं कडवं खाई नही ना गयी?"

पुढच्या वर्षी पाटावर पुन्हा अक्काच होती. गोष्टीत होतं तसं आयुष्यात होत नाही. दुकान होतं, आई होती, तिची दुखणी होती, आणि मी आपली जळगावला परत गेलेली, मोठा मासा तिच्या शेजारी राहिलाच नाही. पण ती एक दुपार झाली होती. दोघींनाही ते माहीत होतं, आणि त्यानंतर कॉइल भरताना अक्का अधूनमधून आकडे सोडून द्यायची.

निवृत्त झाल्यावर मला मुलीनं एका मोठ्या शहरातलं मत्स्यालय दाखवलं. तिथे मी ते नारिंगी मासे पहिल्यांदा जिवंत पाहिले, सरांच्या खडूहून कितीतरी उजळ. काचेपुढून मला हलवेना. नात हात ओढत होती, "आजी, चल ना, पुढे शार्क आहे."

आई गेली, आणि दोन वर्षांपूर्वी अक्काही गेली. देवपूरचं घर आम्ही ठेवलंय, निंबही आहे. या आखाजीला मी तिथे जाऊन चूल पेटवली, गॅस असून. न्यायला मुराळी आला नव्हता, आपली आपणच गेले. नानांचं नाव घेतलं, आईचं घेतलं, आणि शेवटी अक्काचं घेताना थांबले. तिच्यासारखं मला जमलं नाही, मी रडले. नात दारात येऊन उभी होती. म्हणाली, "आजी, झोका बांधलाय, तू पण ये ना." मी पाटावर बसल्या बसल्या मागे वळून पाहिलं, मग आपल्याहून मोठं कुणी आहे का म्हणून खोलीभर पाहिलं, नानांच्या खुंटीकडे, आईच्या भिंतीकडे, नळाकडे, जिथून ती ओले हात घेऊन यायची. कुणीतरी दारात येऊन मला 'ऊठ' म्हणावं, म्हणून मी किती वेळ तशीच बसून राहिले.